कप्तान नानांच्या होडीचं बूड

कप्तान नाना होडी घासायला बसायचे ते नारिंगी लाइफ जॅकेट घालून. जॅकेटचे सगळे पट्टे आवळून झाले की मगच पॉलिश पेपरला हात. होडी त्यांच्या घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, दोन लाकडी घोड्यांवर पालथी ठेवलेली असायची. तिथून सगळ्यात जवळचं पाणी म्हणजे कोपऱ्यावरचा हापसा, आणि तोही चैत्रात आटायचा. बुडायची काही सोयच नाही अशा जागी जॅकेट कशाला, असं मी त्यांना ओळख झाल्या झाल्या विचारलं होतं. ‘सवय असावी लागते, सर,’ ते म्हणाले. ‘ऐन वेळी पट्टे सापडत नाहीत.’ मी त्या गल्लीत बरीच वर्षं काढली, पण ती ऐन वेळ काही आली नाही.

मी वरणगावला शाळेत चित्रकला शिकवायला आलो आणि नानांच्या समोरच्या घरात भाड्याने राहू लागलो. नाना तेव्हा पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. धरणांच्या लोखंडी दरवाजांचा रंग तपासायचा, हे त्यांचं नोकरीभराचं काम. या धरणावरून त्या धरणावर बदली व्हायची, पण काम तेच. आयुष्यभर त्यांनी पाण्याकडे पाठ केली आणि दरवाजाकडे तोंड. कप्तान हे नाव गल्लीने दिलेलं. ते कशाचेच कप्तान नव्हते, ऑफिसातल्या कॅरमच्या टीमचेसुद्धा नव्हते. पण या नावाने हाक मारली की त्यांची मान जराशी ताठ व्हायची.

निवृत्त झाल्यावर आपल्याकडची माणसं शेत घेतात, ट्रॅक्टर घेतात, नाहीतर मोतीबिंदू काढून घेतात. नानांनी शिडाची होडी घेतली. नाशिककडच्या कुठल्याशा क्लबने जुनी म्हणून ती काढून टाकली होती. केळी उतरवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकमधून, वाळल्या केळीच्या पानांवर आडवी पडून ती वरणगावात आली तेव्हा अख्खी गल्ली गोळा झाली. नानांनी पेढे वाटले. डोलकाठी कुठली, शीड कुठलं, हे हातातल्या छत्रीने दाखवत त्यांनी सगळ्यांना समजावलं आणि जाहीर केलं, ‘दसऱ्याला हतनूर धरणाच्या पाण्यात!’ नानींनी होडीला हळदकुंकू लावलं, नारळ ओवाळला आणि विचारलं, ‘आते हाई कठे ठेवानी?’ त्या पिंपळनेरकडच्या, अहिराणीतच बोलायच्या. त्या दिवशीच्या सगळ्या भाषणांत कामाचं वाक्य तेवढंच होतं.

नानांचा जीव होडीत नव्हता, होडीच्या बुडात होता. ‘वरचा रंग लोकांसाठी, खालचा रंग पाण्यासाठी,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शीड आणलं तसं माळ्यावर गेलं आणि तिथे त्याच्या घडीत उंदीर व्याले, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. बुडाचं मात्र सगळं रीतसर. जुना रंग पत्रीने खरवडायचा, मग जाड पेपर, मग बारीक पेपर, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, ती घासायची, मग प्रायमर आणि वरून लाल रंगाचे दोन हात. मोबाइलवर परदेशातला कुणी गोरा माणूस स्वतःची होडी घासतानाचे व्हिडिओ ते तासन्‌तास बघायचे आणि मधूनच ‘चुकला, चुकला’ असं त्याला ओरडून सांगायचे. गोऱ्याची होडी व्हिडिओच्या शेवटी पाण्यात जायची. तोवर नानांनी व्हिडिओ बंद केलेला असायचा.

तो लाल रंगही साधासुधा नव्हे. त्यात तांबं असतं. समुद्रातले शंखशिंपले होडीच्या बुडाला चिकटू नयेत म्हणून तो मारतात, आणि नाना तो खास मुंबईहून मागवायचे. ‘धरणात शिंपले कुठून येणार, नाना?’ मी विचारलं. ‘आले तर?’ नाना म्हणाले. पुढे कितीतरी वर्षं, प्लॉटवर पालथ्या पडलेल्या त्या होडीला एकही शिंपला चिकटला नाही. नाना हे रंगाचं यश मानत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बुडावरून हात फिरवून खात्री करून घ्यायला सांगत.

चित्रकलेचा शिक्षक म्हणून माझ्याकडे पाण्याची रेघ आली. होडी पाण्यात बसली की पाणी जिथवर येतं तिथवर लाल रंग, त्याच्यावर पांढरा. मध्ये रेघ सरळ हवी. पहिल्या वर्षी मी ती मन लावून मारली. नानांनी ती डोळा बारीक करून पाहिली आणि म्हणाले, ‘सर, इथे पाणी वाकडं झालंय.’ मी पुन्हा मारली. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी त्या होडीला पाण्याची रेघ मारायचो आणि दर हिवाळ्यात नाना ती खरवडून काढायचे. शाळेतही माझं काम फारसं वेगळं नव्हतं.

नानांच्या खिशात पेन नसायचं, चिकटपट्टी असायची. नोकरीतलं त्यांचं हत्यार तेच. रंगावर ब्लेडने फुली मारायची, वर चिकटपट्टी दाबून बसवायची आणि एका झटक्यात ओढायची. पट्टीवर रंग आला की काम नापास. कितीतरी कंत्राटदारांना त्यांनी असं रडवलं होतं, आणि त्या कंत्राटदारांनी त्यांच्याबद्दल काढलेले उद्गार नाना आम्हांला पदकं दाखवावीत तसे ऐकवायचे. निवृत्तीनंतर कंत्राटदार उरले नाहीत, पण खोड राहिली. समोर नवा रंग दिसला की त्यांचा हात खिशात जायचा.

गल्लीत सुभाषच्या घराची वास्तुशांत होती. सुभाष म्हणजे केळीचा बागायतदार, स्वतःचा ट्रॅक्टर, मनाने चांगला आणि आवाजाने मोठा. दिवाणखान्याला त्याने मोरपंखी रंग दिला होता. पाहुणे जेवत होते, आणि नाना आहेराचं पाकीट देऊन सरळ भिंतीकडे गेले. फुली, पट्टी, झटका. मोरपंखी रंगाचा बोटभर तुकडा घेऊन ते सुभाषसमोर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, ‘नापास.’ सुभाषने त्या जागेवर कॅलेंडर लावलं. घरातल्या पुढच्या लग्नाच्या पत्रिकेत त्याने नानांचं नाव घातलं, पण पत्रिका द्यायला आला तेव्हा हात जोडून म्हणाला, ‘नाना, येताना पट्टी घरी ठिसन या.’

आता असा माणूस स्वतःच्या होडीला सूट देईल का? रंगाचा मुहूर्त आखाजीचा. उन्हात रंग कडक सुकतो, पावसाळाभर वर ताडपत्री असते, आणि दसऱ्याला धरण भरलेलं असतं, असा त्यांचा हिशोब. दसऱ्याच्या सकाळी सुभाष ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून प्लॉटपाशी उभा करायचा. नाना पत्री, ब्रश, पॉलिश पेपर पाटावर मांडून त्यांची पूजा करायचे. मग जॅकेटचे पट्टे आवळायचे, ताडपत्री काढायचे, ब्लेडने बुडावर फुली मारायचे, पट्टी लावायचे. गल्ली श्वास रोखून उभी. झटका! पट्टीला लाल रंगाची साल चिकटून यायची, कधी तर वीतभर. नाना ती सूर्याकडे धरून बघायचे आणि सुभाषला सांगितलं होतं त्याच आवाजात स्वतःला सांगायचे, ‘नापास.’

‘अहो नाना, थोडासाच तर निघाला,’ सुभाष दरवर्षी म्हणायचा. ‘चला ना, घालू पाण्यात.’

‘बूड नापास असलेली होडी पाण्यात घालू? मी?’ नाना म्हणायचे. मग सगळे आपट्याची पानं वाटायचे, पेढे खायचे, आणि ट्रॉली रिकामी परत जायची. दुसऱ्या दिवसापासून पत्रीची करकर सुरू. त्या आवाजाशिवाय आमच्या गल्लीत थंडी पडल्यासारखं वाटायचं नाही.

रंग का धरत नाही, याची नानांकडे दर वर्षी नवी कारणं असायची. एका वर्षी दमट हवा, एका वर्षी भेसळीचा प्रायमर, एका वर्षी भुसावळकडच्या वीज केंद्रातून येणारी राख. एकदा तर त्यांनी माझ्या रेघेवर संशय घेतला. खरं कारण अख्ख्या गल्लीला माहीत होतं. ते नानींच्या हातात असायचं, तेलाच्या वाटीत.

शिमगा झाला की नानांचं घासणं संपायचं आणि होडीचं बूड गुळगुळीत होऊन आखाजीची वाट बघत पडायचं. नेमका तोच आमच्याकडे बिबड्या, पापड, कुरडया घालायचा हंगाम. दिवसभर ऊन खाणारी, कुत्र्या-शेळ्यांच्या तोंडापासून उंच असलेली अशी पसरट जागा गल्लीत दुसरी नव्हती. नानी बायकांना घेऊन यायच्या, होडीवर प्लास्टिकचा कागद अंथरायच्या आणि त्यावर ज्वारीच्या बिबड्या थापायच्या. खानदेशात बिबड्या म्हटल्यावर नवऱ्याचं काही चालत नाही, ते नानांचंही चाललं नाही. ‘दुपारपुरतं हं,’ असं पुटपुटत ते गोऱ्याचा व्हिडिओ बघायला आत जायचे.

एकदा मी ओसरीत बसून बघत होतो. कागदाला वरून तेलाचा हात लावतात, तो बिबडी सुटावी म्हणून. हे कुणालाही कळेल. पण नानी कागद उलटा करून खालूनही तेल लावत होत्या. तेही हात आखडता न घेता, होडीला मालीश करावी तसं.

‘नानी, खालून कशाला?’ मी विचारलं.

‘कागद सरकाले नको म्हनीसन,’ त्या म्हणाल्या, आणि तेलावर कागद सरकत नाही हे ऐकून सगळ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मग नानी माझ्याजवळ आल्या. हसू मावळलं होतं. ‘भाऊ, त्यास्ले पोहता येत नई,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘चांगदेवले गयथूत आम्ही. बठ्ठा लोके नदीमा उतरनात. या मात्र पायरीवर बूट घालीसन बठनात, तांब्याघाई डोकावर पानी टाकं. आते रंग धरना का होडी पानीमा जाई. होडी गई का या बी जातीन. मी काय करू, सांगा?’

नवऱ्याला जाऊ नका म्हटलं असतं तर तो हट्टाने गेला असता. नानींनी एका शब्दाने विरोध न करता त्याला काठावर ठेवलं होतं. नवरा पत्रीने खरवडायचा, बायको तेल लावायची. त्यात बिबड्याही होत होत्या, आणि त्या मला घरपोच मिळायच्या. असं वर्षानुवर्षं फसलेलं काम आणि असा सुखाचा संसार मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

गल्ली सगळी या कटात सामील होती. गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कप्तान पास की नापास’ अशी दसऱ्याआधी चर्चा चालायची. नाना त्याच ग्रुपवर असायचे आणि दर वेळी लिहायचे, ‘यंदा नक्की पास.’ खाली सगळे अंगठे दाखवायचे. ज्यांच्या घरून तेलाची वाटी यायची तेही. एवढा डोळ्यांत तेल घालून नोकरी केलेला माणूस आणि स्वतःच्या होडीवरचं तेल याला दिसू नये, याची आम्हांला भारी मजा वाटायची. मी तर धुळ्याच्या माझ्या मित्रांना त्यांची नक्कल करून दाखवायचो, जॅकेटच्या पट्ट्यांसकट.

मग माझी बदली धुळ्याला झाली. आणि त्याच वर्षी माघात नानी गेल्या. सकाळी छातीत दुखतंय म्हणाल्या आणि जळगावला नेताना वाटेतच संपल्या. मी गेलो तेव्हा नाना ओट्यावर बसले होते, आणि जॅकेटविना ते मला ओळखू येईनात. त्यांनीच विचारलं, ‘धुळ्याला घर बरं आहे ना, सर?’ त्या एवढ्याशा प्रश्नाने मला रडू आलं.

त्या वर्षी शिमग्यानंतर होडीवर बिबड्या पडल्या नाहीत. घरात दुखवटा, बायकांचं मन होईना, कुणी कागदच काढला नाही. आखाजीला नानांनी सकाळी नानींच्या नावाची घागर पुजली, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, आणि ऊन कलल्यावर होडीला लाल रंगाचे दोन हात दिले. पाण्याची रेघ मारायला मी धुळ्याहून गेलो होतो. रेघ सरळ आली, पण नानांनी ती डोळा बारीक करून पाहिलीसुद्धा नाही.

दसऱ्याला मी पुन्हा गेलो. सुभाष ट्रॅक्टर घेऊन आला होता, आणि या खेपेला त्याने ट्रॉलीला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. होडीवर तेल पडलेलं नाही, हे गल्लीला ठाऊक होतं. आज रंग धरणार, बिचाऱ्या नानांची एवढी इच्छा तरी पुरी होऊ दे, असं सगळ्यांच्या मनात होतं. नानींना काय वाटलं असतं, हे कुणाच्या मनात आलं असेल तर तो बोलला नाही. हतनूरच्या काठावर पोहणारी माणसं उभी करायची, दोर बांधायचा, असं सुभाषने मला कानात सांगितलं.

नानांनी ब्रशाची पूजा केली, जॅकेटचे पट्टे आवळले. बुडावर फुली मारली, पट्टी दाबली, ओढली. पट्टी स्वच्छ होती. लाल रंगाचा कणही नव्हता. नानांनी दुसऱ्या जागी फुली मारली, तिथेही तेच. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. नाना पट्टी हातात घेऊन घरात गेले.

मी मागोमाग गेलो. ते नानींच्या फोटोखालच्या खुर्चीत बसले होते.

‘सर,’ ते म्हणाले, ‘धरणाच्या दरवाजाला ग्रीस असतं. रंगाआधी थिनरचं फडकं फिरवलं की ते जातं. नोकरीभर मी हेच सांगत फिरलो. न पुसता रंग मारलेला दरवाजा मी लांबून ओळखायचो.’

मला त्यांचा रोख जरा उशिरा कळला. मी म्हणालो, ‘म्हणजे तेल तुम्हांला...’

‘पहिल्याच दसऱ्याला. पट्टीवर रंगाची साल आली, तिला मागून शेंगदाण्याच्या तेलाचा वास होता. ती भाजीत घालायची तेच तेल.’

‘मग पुसलं का नाही?’

नाना जॅकेटच्या पट्ट्याशी चाळा करू लागले. ‘मला पाण्याची भीती वाटते, सर. लहानपणापासून. वाटलं होतं, होडी घेतली की जाईल. नाही गेली. आणि तोवर पेढे वाटून झाले होते, तुम्ही सगळे कप्तान म्हणायला लागला होतात. सांगू कुणाला? तेवढ्यात ही तेल घेऊन आली. तिला वाटायचं, ती मला अडवतेय. मी अडवून घेत होतो. तिच्या तेलावर माझी अब्रू राहिली.’

‘नानींना कधी सांगितलं नाहीत?’

‘ती मला सांगत नव्हती, मी तिला सांगत नव्हतो. चांगलं चाललं होतं आमचं,’ ते म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज फुटला. ‘आता रंग धरला हो, सर. आता मी काय करू?’

मला त्यांच्याविषयी इतकी माया आयुष्यात पहिल्यांदा वाटली. बाहेर सुभाष हॉर्न वाजवत होता. नानांनी तोंडावरून पंचा फिरवला, उठले, आणि मला काही बोलायला न देता बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले. त्यांनी ती चिकटपट्टी उन्हात उंच धरली. तिच्यातून पलीकडचं कडुलिंबाचं झाड दिसत होतं, एवढी ती स्वच्छ होती.

‘नापास,’ नाना म्हणाले.

सुभाषचं तोंड उघडलं. मी मान हलवली तसं ते मिटलं. त्याने ट्रॅक्टर बंद केला. बायकांमधल्या एका म्हातारीने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, ‘मंग पुढला साल, नाना.’ झेंडूच्या माळा सुभाषने ट्रॉलीवरून काढून होडीलाच घातल्या. मग आम्ही आपट्याची पानं वाटली आणि पेढे खाल्ले.

यंदा शिमगा झाल्यावर गल्लीच्या ग्रुपवर सुभाषने एक फोटो टाकला. होडीवर बायका बिबड्या थापतायत. त्यांना म्हणे नानांनीच घरोघर जाऊन बोलावून आणलं. नाना एका कडेला उभे आहेत, अंगात नारिंगी जॅकेट, सगळे पट्टे आवळलेले, एका हातात तेलाची वाटी. दुसऱ्या हाताने ते कागदाला तेल लावतायत, खालच्या बाजूने.